पूरग्रस्त शेतकऱ्यांसाठी बी आणि रोपं : नाशिकहून काय पाठवावं, काय पाठवू नये

गोदाकाठ | ४ ऑक्टोबर २०२५, सकाळी ८:१०

सीना नदीकाठी सोलापूरकडं माढा, करमाळा, मोहोळ, पलीकडे धाराशिवचं परांडा, भूम. सप्टेंबरच्या शेवटच्या पाण्यानं उभं पीक तर नेलंच, घरात पोत्यांत जपून ठेवलेलं बीसुद्धा नेलं. धान्याची किट पोचतायत. रब्बी तोंडावर आली आहे, म्हणून नाशिकहून बी आणि रोपं पाठवायचं काही मंडळींनी मनावर घेतलंय.

आत्तापर्यंत लोक देऊ म्हणतायत ते असं: निफाड-सिन्नरकडून घरचा हरभरा आणि गहू, चांदवड-येवल्याकडून कांद्याचं उळं (बी) आणि तयार रोप, पिंपळगाव-दिंडोरीकडून टोमॅटोची ट्रेमधली रोपं, सटाण्याकडून डाळिंबाचे गुटी कलम (झाडाच्या फांदीलाच मुळं फोडून केलेलं रोप). एक जण द्राक्षाची रोपं द्यायलाही तयार आहे. दोन पिकअप मिळाल्यात. पंधरा तारखेच्या आत निघायचं आहे.

जाणकारांनी सांगा, यातलं काय न्यावं, किती न्यावं आणि नेण्याआधी काय तपासावं.

---

काळी माती | ४ ऑक्टोबर, ९:३५

बी नंतर. आधी गावनिहाय जमीन कशी उरली आहे ते विचारून घ्या, कारण एकाच शिवारात तीन प्रकार सापडतील.

पाणी चार दिवस साचून ओसरलं, माती जागेवर आहे, अशा रानात वापसा (पेरण्याजोगी ओल) आला की हरभरा किंवा ज्वारी सरळ पेरता येते. दुसरं रान गाळ बसलेलं. गाळ वीतभराच्या आत असेल तर नांगरून खालच्या मातीत मिसळला की चालतो. मात्र नुसत्या वरच्या गाळात पेरलं तर उन्हानं पपडी धरते आणि ज्वारीचा कोंब खालीच मुडपतो. हरभऱ्याचा कोंब जरा जोर करतो, तरी पपडी असेल तर उगवण विरळच. पेरणीनंतर पपडी दिसली तर हलकं पाणी द्यायचं किंवा वरचा थर अलगद मोडायचा, हे बियाण्याच्या पिशवीबरोबर तोंडी सांगितलंच पाहिजे.

तिसरं रान खरडून मुरूम उघडा पडलेलं. तिथं बी देऊ नका. उगवेल, वीतभर वाढेल आणि वाळेल. त्या शेतकऱ्याला माती लागणार आहे. तळ्यातला गाळ आणून टाकणं आणि पुढच्या जूनमध्ये हिरवळीच्या खतासाठी ताग किंवा धैंचा पेरून गाडणं, असा तो क्रम आहे. तागाचं बी एकरी २० ते २५ किलो. ते आत्ता नेऊन काही उपयोग नाही.

आणखी एक. पंचनामा झाल्याशिवाय रान मोडू नका असं प्रत्येकाला सांगा. शेतात तीन इंचांपेक्षा जास्त गाळ असेल तर तो काढण्यासाठी वेगळी मदत असते. तुमचं बी पेरायच्या घाईत नांगर फिरला तर पुरावाच जातो. तारीख-ठिकाण उमटणारे फोटो काढून ठेवले तर निदान बोलायला जागा राहते.

---

सीनाकाठ | ४ ऑक्टोबर, ११:०२

माढ्याकडून लिहितोय. वरचं सगळं बरोबर आहे. त्यात भर घालतो.

विहिरी गाळानं भरल्यात, मोटारी आणि पाइप वाहून गेलेत, बऱ्याच ठिकाणी विजेचे खांब आडवे आहेत. म्हणजे पाणी भरपूर दिसत असलं तरी पिकाला द्यायची सोय नाही. त्यामुळे नुसत्या ओलीवर येणारं पीक आधी. हरभरा आणि ज्वारी. गव्हाला चार-पाच पाळ्या पाणी लागतं, ज्याची मोटार शाबूत आहे त्यालाच गहू द्या.

ज्वारीची वेळ म्हटली तर १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर. यंदा वापसाच उशिरा येणार, महिनाअखेरपर्यंत लोक पेरतील. दाणा कमी भरेल, पण आमच्याकडं ज्वारी निम्मी कडब्यासाठीच असते आणि जनावरांची वैरण वाहून गेली आहे. म्हणून उशीर झाला तरी ज्वारी नको म्हणू नका.

---

बीजपरीक्षक | ४ ऑक्टोबर, दुपारी ३:४८

घरचा हरभरा घेणार असाल तर उगवण तपासल्याशिवाय एकही पोतं गाडीत चढवू नका. आज सुरुवात केली तर बारा तारखेला निकाल हातात येईल, वेळ आहे.

पद्धत साधी आहे. गोणपाट स्वच्छ धुऊन भिजवायचं, पाणी ठिबकणार नाही इतकं पिळायचं. त्यावर दहा ओळींत दहा-दहा असे १०० दाणे मांडायचे, वरून ओलं फडकं, मग सैल गुंडाळी करून सावलीत तिरपी उभी ठेवायची. रोज थोडं पाणी शिंपडायचं. घट्ट गुंडाळली किंवा पाण्यात बुडवून ठेवली तर हवा मिळत नाही, दाणे कुजतात आणि चांगल्या बियाण्यावर उगाच ठपका बसतो. एका पोत्यामागे अशा चार गुंडाळ्या केल्या तर ४०० दाण्यांवरचा आकडा भरवशाचा. एवढं जमत नसेल तर दोन तरी करा. नमुना घेताना वरच्या मुठीवर जाऊ नका. पोत्याच्या वरून, मधून, तळातून घ्यायचा. तळाचाच दाणा दमट असतो.

मोजायचं कधी? हरभरा पाचव्या आणि आठव्या दिवशी, गहू चौथ्या आणि आठव्या, ज्वारी चौथ्या आणि दहाव्या. कांदा सहाव्या आणि बाराव्या दिवशी, आणि तो गोणपाटात करू नका. बी बारीक असतं, ताटलीत टिपकागदावर करा. मोजताना मूळ आणि कोंब दोन्ही धड असलेलेच धरायचे. नुसतं फुगलेलं, मूळ तुटकं, टोक काळं पडलेलं सगळं बाद. लोक इथंच चुकतात, फुटलं ते उगवलं म्हणून मोजतात आणि ९० टक्के लिहितात.

प्रमाणित बियाण्याला किमान उगवण अशी लागते: हरभरा आणि गहू ८५ टक्के, ज्वारी ७५, सोयाबीन ७०, कांदा ७०. यापेक्षा थोडं कमी असेल तर फेकून द्यायची गरज नाही, पेरणीचं प्रमाण वाढवायचं. हिशोब: नेहमीचं प्रमाण गुणिले किमान उगवण, भागिले आलेली उगवण. विजय वाणाचा हरभरा एकरी २८ किलो धरला आणि उगवण ७० टक्के आली, तर २८ × ८५ ÷ ७० म्हणजे ३४ किलो. पिशवी त्या वजनाची भरा. ६० च्या खाली आलं तर ते बी नव्हे, ती डाळ.

ओलावाही बघा. हरभरा ९ टक्क्यांपर्यंत, गहू-ज्वारी १२ पर्यंत. मशीन नसेल तर दाणा दाताखाली कट्कन फुटला पाहिजे. दबला तर दोन दिवस ऊन दाखवा. भुंग्याचं एक भोक असलेला दाणासुद्धा मोजणीत बाद धरा, कोंब त्यातच खाल्लेला असतो.

---

चाळकरी | ४ ऑक्टोबर, ४:२०

"ती डाळ" आवडलं. पण इथं एक गंमतशीर घोळ नेहमी होतो. धान्याच्या किटमध्येही हरभरा असतो आणि बियाण्यातही. मग किटमधला पेरला जातो आणि बियाण्याचा खाल्ला जातो.

---

बीजपरीक्षक | ४ ऑक्टोबर, ४:४१

गंमत नाही, धोका आहे. बीजप्रक्रिया केलेलं गुलाबी-लाल बी घरात गेलं आणि कुणी धुऊन शिजवलं तर? धान्याचं आणि बियाण्याचं वाटप एका दिवशी, एका ठिकाणी करूच नका. औषध चोळलेलं बी शक्यतो नेऊ नका. बी कोरं न्या आणि प्रक्रियेचं सामान वेगळ्या पुडीत द्या. औषधाचं बी घ्यावंच लागलं तर पिशवीवर ठळक लिहा: "खाण्यासाठी नाही, जनावरांनाही देऊ नये."

---

उळेवाला | ५ ऑक्टोबर, सकाळी ७:१५

कांद्याबद्दल. तयार रोप नेऊ नका, उळं न्या.

आत्ता आपल्याकडं जे लावायला तयार रोप आहे ते रांगड्याचं (खरीप आणि उन्हाळ यांच्या मधल्या कांद्याचं), ऑगस्ट-सप्टेंबरात टाकलेलं. ते उपटून, जुड्या बांधून, सात-आठ तास गाडीत, मग गावात वाटप, मग वापसा नसलेलं रान. ऑक्टोबरच्या उकाड्यात जुडीच्या मधल्या पाती दुसऱ्या दिवशी पिवळ्या पडून चिकट होतात. रोप उपटल्यापासून दीड-दोन दिवसांत जमिनीत गेलं पाहिजे, तेही ओल्या गोणपाटात, सावलीत, शेंडा एक तृतीयांश छाटून ठेवलं तर. शिवाय रोपाबरोबर करपा आणि फुलकिडे फुकट जातात. आणि एका एकराला १५ बाय १० सेंटिमीटरनं अडीच लाखांच्या वर रोपं लागतात. दोन पिकअप भरून किती एकर होतील? हाताच्या बोटांवर.

उळ्याचं तसं नाही. उन्हाळ कांद्याचं उळं टाकायची वेळ ऑक्टोबर मध्य ते नोव्हेंबर मध्य, लागवड डिसेंबरात. तोवर तिकडचं रान सावरतं, मोटारी बसतात. एकरी ३ ते ४ किलो पुरतं. म्हणजे एक क्विंटल उळ्यात २५ ते ३० एकर निघतात आणि ते एका गाडीच्या कोपऱ्यात मावतं.

जात बघून घ्या. एन-५३, बसवंत-७८० ही खरिपाची. ती रब्बीत दिली तर डोंगळे (फुलांचे दांडे) आणि जोडकांदे निघतील आणि चाळीत टिकणार नाहीत. उन्हाळ्यासाठी एन-२-४-१, भीमा किरण, भीमा शक्ती, अ‍ॅग्रीफाउंड लाइट रेड. घरचं उळं देणाऱ्याला दोन प्रश्न विचारा. डोंगळे कोणत्या कांद्याचे लावले होते? आणि शेजारी दुसऱ्या जातीचे डोंगळे होते का? कांद्यात परागीकरण मधमाश्यांकडून होतं, प्रमाणित बीजोत्पादनाला ५०० मीटर अंतर सोडावं लागतं. शेजारी लाल आणि इकडं गरवा (उन्हाळ कांदा) असेल तर ते उळं कुणाच्या माथी मारू नका.

आणि वर्ष. यंदाच्या एप्रिल-मेमध्ये काढलेलंच घ्या. कांद्याचं बी साध्या साठवणुकीत वर्षभरानंतर झपाट्यानं मरतं. जुनं आणि नवं मिसळून देणारे महाभाग असतात. डोळ्यांनी ओळखू येत नाही, दोन्ही काळंच दिसतं. बारा दिवसांची चाचणी हाच उपाय, म्हणून आजच लावा.

---

गोदाकाठ | ५ ऑक्टोबर, ७:५०

उळेवाला दादा, गादीवाफ्याचं पण लिहा ना. पिशवीत छापील चिठ्ठी घालू.

---

उळेवाला | ५ ऑक्टोबर, ८:३०

लिहितो. एक एकर लागवडीला चार-पाच गुंठे रोपवाटिका. गाळ बसलेली जागा टाळायची, उंचावरची निवडायची. वाफा १ मीटर रुंद, ३ मीटर लांब, १५ सेंटिमीटर उंच. चांगलं कुजलेलं शेणखत मिसळायचं, कच्चं नको. उळ्याला किलोला २ ते ३ ग्रॅम थायरम (बुरशीनाशक) किंवा ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा (उपयोगी बुरशी). दोन्ही एकत्र नाही, थायरमनं ट्रायकोडर्मा मरते. ५ सेंटिमीटरवर आडव्या रेघा ओढून एक-दीड सेंटिमीटर खोल टाकायचं, वरून बारीक खत-माती, मग झारीनं पाणी. फेकून टाकू नका, दाट झालं की रोपं कोलमडतात. पुराच्या रानात बुरशी भरपूर असते, त्यामुळे वाफा सपाट केला आणि पाणी साचलं की रात्रीत चट्टे पडतात. सात-आठ आठवड्यांनी रोप तयार.

वाफा उतारावर आडवा धरा, चिठ्ठीत हे मोठ्या अक्षरात घ्या.

---

कसमादेकर | ५ ऑक्टोबर, दुपारी १:१०

डाळिंबाचे कलम अजिबात पाठवू नका. देणाऱ्याचं मन मोठं आहे, पण गुटी ज्या झाडावर बांधली त्या झाडाचा तेल्या (फळा-पानांवर डाग पाडणारा जिवाणूंचा रोग) आणि मर कलमाबरोबर जाते, पिशवीतल्या मातीतून मुळावरची सूत्रकृमीही. यंदा सप्टेंबरभर पाऊस होता, तेल्याला याहून चांगलं हवामान नाही. पानावर डाग दिसत नाही म्हणून झाड निरोगी असं होत नाही. सोलापूर जिल्हा स्वतः डाळिंबाचा. तिथं नवा रोग पोचवला तर शेजारच्या धडधाकट बागाही जातील.

रोपं विकायची तर १९६९ च्या फळ रोपवाटिका कायद्याखाली परवाना लागतो, तो याचसाठी. फुकट दिलं म्हणून जिवाणू थांबत नाहीत. कुणाची बाग गेली असेल तर जमीन तापवून, खड्डे भरून, परवानाधारक रोपवाटिकेतून निरोगी मातृवृक्षाची किंवा ऊतीसंवर्धित रोपं घ्यावीत. ते काम पुढच्या हंगामाचं. साडेचार बाय तीन मीटरवर एकरी ३०० च्या आत रोपं लागतात. तेवढ्याचे पैसे बाजूला ठेवायचे असतील तर ठेवा.

द्राक्षाचं तर विचारूच नका. डॉगरिजची खुंटरोपं (ज्यांवर कलम भरतात ती) लावायची जानेवारी-फेब्रुवारीत, कलम भरायचे ऑगस्ट-सप्टेंबरात, आणि मांडवाचा खर्च वेगळा. पूर आलेल्या माणसाला द्राक्षाचं रोप देणं म्हणजे त्याला कर्जाचा अर्ज देण्यासारखं आहे.

---

पिंपळगावकर | ५ ऑक्टोबर, ६:२५

टोमॅटोची रोपं तर कलमांसारखी नाहीत ना? कोकोपीटमध्ये वाढलेली, मुळासकट ट्रेमध्येच जातात, दोन दिवस टिकतात. रोकड लवकर हातात येते. हरभऱ्याचे पैसे फेब्रुवारी-मार्चमध्ये येणार, तोवर घर कशावर चालायचं?

---

काळी माती | ५ ऑक्टोबर, ७:०५

मुद्दा खरा आहे. पण एकरी पाच-सहा हजार रोपं, त्यांना ठिबक, मल्चिंग, बांबू-तार-सुतळी आणि आठवड्याला फवारणी. हे सगळं वाहून गेलंय. नुसतं रोप दिलं तर उरलेल्या खर्चासाठी त्याला दुकानदाराची उधारी करावी लागेल. साचलेल्या पाण्याच्या रानात जिवाणूजन्य मर येते ती वेगळीच.

ज्याचं ठिबक शाबूत आहे, गाळ नाही, अशा शेतकऱ्यानं मागितली तरच द्या. ती मागणी आधी घ्या आणि त्याच्या रानाच्या तारखेशी रोपाचं वय जुळवा. २१ ते २५ दिवसांचं रोप योग्य. पस्तीस दिवसांचं, ट्रेमध्ये लांबट झालेलं, रोपवाटिकेतून उरलेलं रोप "दान" म्हणून सुटतं, तिथं सावध राहा.

लवकर पैसे हवेत तर मेथी, कोथिंबीर, पालक. महिना-दीड महिन्यात बाजार. घरापुरता परसबागेचा पुडा असेल तर त्यात वाल, घेवडा, दोडका, भोपळा घाला, देशी वाणांचं बी पुन्हा धरता येतं. आपल्या शेजारी अकोले तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी हेच काम उभं केलं आणि २०२० च्या पद्मश्रीपर्यंत पोचलं. मात्र पुड्यात संकरित भाजीचं घरी धरलेलं बी नको. पुढच्या पिढीत फळं एकसारखी येत नाहीत, एका वेलावर चार तऱ्हा.

---

सीनाकाठ | ५ ऑक्टोबर, रात्री ९:४०

मेथी देताना लसूणघासाचं बी मिसळलेलं नाही ना ते बघा, आणि लसूणघास देणार असाल तर चाळून द्या. त्यात अमरवेलीचं बारीक बी येतं. एकदा रानात शिरली की पिवळ्या दोऱ्यांचं जाळं उपटता उपटता हात टेकतात.

---

हिशेबनीस | ८ ऑक्टोबर, सकाळी १०:१५

काल सरकारनं मदत जाहीर केली, त्यात रब्बीच्या बियाणं-खतासाठी हेक्टरी १०,००० रुपये आहेत. मग आपण बी नेण्यात अर्थ आहे का, असं दोघा-तिघांनी विचारलं. माझं मत: आहे, पण कशाचं बी आणि कशाचे पैसे ते वेगळं करा. खात्यात पैसे येतील तेव्हा येतील, वापसा थांबत नाही.

गाडीचा हिशोब बघा. पिकअपमध्ये दीड टन धरू. हरभरा एकरी २८ किलोनं ५३ एकर. गहू एकरी ४० किलोनं ३७ एकर. ज्वारी एकरी ४ किलोनं ३७५ एकर. म्हणजे ज्वारी वजनाला हलकी आणि पसारा मोठा, पण नाशिकमध्ये चांगलं रब्बी ज्वारीचं बी आहे कुठं? मालदांडी, फुले वसुधा, फुले सुचित्रा हे वाण राहुरी विद्यापीठ आणि महाबीज या राज्याच्या बियाणे महामंडळाकडं आहेत, आणि तिकडच्या दुकानांतही. ते पैशांत द्या. गावातल्या दुकानदाराशी बोलून शेतकऱ्याच्या नावानं चिठ्ठी, बिल आपल्या नावावर. हरभरा आणि उळं आपल्याकडं चांगलं आहे, ते गाडीत.

गव्हात एकच अपवाद. निफाडच्या गहू संशोधन केंद्राचे वाण आपल्याकडं घरोघर आहेत, त्र्यंबक आणि फुले समाधान. फुले समाधान वेळेवर आणि उशिरा दोन्ही पेरणीला चालतो, १५ डिसेंबरपर्यंत. उशिराला एकरी ५० किलो. मोटारी बसल्यावर नोव्हेंबरच्या शेवटी दुसरी खेप म्हणून गहू न्या, आत्ता नको.

---

बीजपरीक्षक | ८ ऑक्टोबर, ११:००

सहमत. पिशवीबद्दल कायद्याचं थोडं: शेतकऱ्याला आपल्या पिकाचं बी राखायचा, अदलाबदल करायचा, वाटायचा, विकायचाही हक्क २००१ च्या पीक वाण संरक्षण कायद्यानं दिलेला आहे, फक्त ब्रँड लावून विकता येत नाही. म्हणून कंपनीच्या जुन्या छापील पिशव्या वापरू नका. निळं लेबल प्रमाणित बियाण्याचं असतं, त्या रंगाची चिठ्ठीही नको. साधी पांढरी कापडी पिशवी. आतबाहेर चिठ्ठी: पीक, वाण, कोणत्या गावात कधी काढलं, उगवण किती टक्के आणि कोणत्या तारखेला तपासली, वजन, किती क्षेत्राला. विकत घेतलेलं प्रमाणित बी असेल तर मूळ पिशवी फोडू नका, टॅग आणि बिल त्याच शेतकऱ्याकडं राहू द्या. नाही उगवलं तर तक्रारीला तोच कागद लागतो.

दोन शेतकऱ्यांचं बी एकत्र ओतू नका. विजय आणि दिग्विजय मिसळले की तिफणीच्या नळ्यांतून सारखं पडत नाही, दिग्विजयचा दाणा मोठा, त्याला एकरी ४० किलो लागतं. आणि एकाचं खराब निघालं तर सगळ्यांचं खराब झालं. पोत्यावर देणाऱ्याचा क्रमांक टाका, वहीत नाव.

हरभऱ्याच्या ३० किलोमागे पुडी अशी करा: ट्रायकोडर्मा १५० ग्रॅम, रायझोबियम (मुळांवर नत्र धरणारे जिवाणू) २५० ग्रॅमची तीन पाकिटं, स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंची तीन. आधी ट्रायकोडर्मा, मग गुळाच्या थंड पाण्यात कालवून बाकीची दोन, सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरणी. ही पाकिटं ड्रायव्हरच्या केबिनमध्ये काचेपाशी ठेवली तर पोचेपर्यंत मेलेली असतील. मुदतीची तारीख बघूनच घ्या.

---

मोसम खोरं | ९ ऑक्टोबर, सकाळी ६:५५

वैरणीचं कुणी बोललं नाही. नेपियर गवताचे डोळे न्या. दोन डोळ्यांची कांडी, ३ बाय २ फुटांवर एकरी ७,२६० कांड्या. पाच गुंठ्यांना हजारभर पुरतात आणि एका शेतकऱ्याला पुढं गावभर वाटायलाही होतात. तीन-साडेतीन महिन्यांचा, उसासारखा पक्व दांडा हवा, कोवळा दांडा कुजतो. पाचट न काढता मोळ्या बांधा, तिकडं गेल्यावर तोडा. तोडून नेल्या तर टोकं वाळतात.

---

घाटमाथा | ९ ऑक्टोबर, दुपारी १२:३०

सगळं आत्ताच्या रब्बीचं चाललंय. मला पुढच्या जूनची काळजी आहे. यंदा सोयाबीन काढणीच्या वेळी भिजलं. भिजलेल्या शेंगेतला दाणा वरून बरा दिसतो, पण त्याचं कवच पातळ, आतला कोंब दुखावलेला. तो बियाण्याला चालत नाही. म्हणजे मराठवाड्यात घरचं सोयाबीन बी यंदा कमी राहणार आणि जूनमध्ये दर चढणार.

नाशिकमध्ये ज्यांच्याकडं पाणी आहे त्यांनी डिसेंबरअखेर ते जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात बियाण्यासाठी उन्हाळी सोयाबीन करावं. फुले संगम, फुले किमया. उत्पादन खरिपापेक्षा कमी येतं, पण काढणी कोरड्या हवेत होते, त्यामुळे उगवण चांगली राहते. एकरी ३० किलो लागतं. मळणीला यंत्राचे फेरे कमी ठेवायचे, जोरात फिरवलं की दाणा दुभंगतो. पोती सातच्या वर थप्पी नको, आणि हमालानं वरून आपटलं तर तिथंच पाच-दहा टक्के उगवण गेली समजा. मे महिन्यात उगवण तपासून थेट गावांना.

आत्ता नाव नोंदवणारे दहा शेतकरी मिळाले तरी पुष्कळ. पायाभूत बियाणं (ज्यापासून पुढचं बी करतात ते) आत्ताच सांगून ठेवावं लागतं, जानेवारीत धावपळ करून मिळत नाही.

---

सीनाकाठ | ९ ऑक्टोबर, १:१५

हे खरंच करा. जूनला आमच्याकडं कुणाला पूर आठवणार नाही, बियाण्याच्या रांगा मात्र असतील.

---

गोदाकाठ | १२ ऑक्टोबर, रात्री ८:२०

उगवणीचे निकाल आले. हरभऱ्याची अकरा पोती तपासली: आठ ८५ च्या वर, दोन सत्तरीत (वजन वाढवून पिशव्या भरल्या), एक ५२ टक्के, ती परत केली. देणारे काका जरा नाराज झाले, पण गुंडाळी दाखवल्यावर गप्प. उळ्याचा निकाल सतरा तारखेला, म्हणून उळं दुसऱ्या गाडीनं वीसला जाईल. पहिली गाडी हरभरा, पुड्या आणि नेपियर. ज्वारीच्या चिठ्ठ्या तिकडच्या दोन दुकानांत सांगितल्या. डाळिंब, द्राक्ष, टोमॅटो, कांद्याचं रोप, सगळं रद्द. सोयाबीनसाठी सहा नावं आली आहेत.

एक शंका: हरभरा आणि नेपियरच्या मोळ्या एकाच पिकअपमध्ये चालतील का? दुसरी गाडी वीसलाच मोकळी होतेय.

---

मोसम खोरं | १२ ऑक्टोबर, ८:४५

नको. ओल्या मोळ्यांची वाफ ताडपत्रीखाली कोंडते आणि हरभरा ओलावा धरतो. नेपियर वीसच्या गाडीत टाका, तोवर तोडू नका, शेतातच उभं राहू द्या.

---

बीजपरीक्षक | १२ ऑक्टोबर, ९:०५

त्या दिवशी उळंही त्याच गाडीत असणार, आणि उळ्याला ओल हरभऱ्याहून जास्त बाधते. उळं जाड प्लॅस्टिकच्या डब्यांत, झाकणाला चिकटपट्टी, आणि डबे मोळ्यांच्या खाली नाही, केबिनमागे फळीवर. डब्यात भरण्याआधी ते नीट वाळलेलं असू द्या. दमट उळं हवाबंद केलं तर उघड्या पोत्यापेक्षा लवकर मरतं.

---

गोदाकाठ | १२ ऑक्टोबर, ९:१२

ठीक. पहिली गाडी मंगळवारी पहाटे पाचला सिन्नरहून. जागा शिल्लक आहे, अजून तीन पोती हरभरा बसेल. उगवण तपासलेली असेल तरच फोन करा.